खेकड्याची पायलोरिक लय: नर्व्ह कापली की थांबते, मग ती गँग्लियनची कशी?

रंकाळ्याचा_वारा
राधानगरीकडचा भातखाचरातला खेकडा, स्टोमॅटोगॅस्ट्रिक गँग्लियन (जठराचे स्नायू चालवणारा चेतापेशींचा पुंजका) सोडवून डिशमध्ये. मेंदूकडच्या कमिशरल गँग्लियनकडून येणारी नर्व्ह शाबूत आहे तोवर त्यातले पीडी, एलपी, पीवाय हे न्यूरॉन एकामागून एक ठेक्यात चालतात, हीच पायलोरिक लय. ती कापली की लय मंदावते, कधी पार बंद. मग लय गँग्लियनमध्येच तयार होते, हे एमएस्सीच्या पोरांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

तांबडा_पांढरा
बिनधास्त सांगा. त्या नर्व्हमधून ठेका येत नाही, न्यूरोमॉड्युलेटर (न्यूरॉनचा स्वभाव बदलणारी रसायनं) येतात. ते असले तरच गँग्लियनमधला ठेका धरणारा एबी न्यूरॉन नीट आंदोलनं घेतो. एबी आणि त्याला विद्युत-जोडणीनं बांधलेले दोन पीडी एकदम पेटतात आणि एलपी, पीवाय दोघांना दाबतात. दाब सुटला की दोघं उसळतात, पण एलपी आधी. पीवायमध्ये ए-प्रकारचा (पेशीला उशिरा पेटू देणारा) पोटॅशियम प्रवाह जोरदार, म्हणून तो रेंगाळतो. उठला की एलपीला गप्प करतो.

खात्री करायची तर कापलेल्या गँग्लियनवर १० मायक्रोमोलर पिलोकार्पिन हायड्रोक्लोराइड (न्यूरोमॉड्युलेटरची जागा घेणारं औषध) सोडा, लिटरला २.४५ मिग्रॅ. ते एकसारखं वाहतं, त्यात ठेका कुठला? तरी लय परत येते, तीही त्याच क्रमानं. मेडिकलमधले डोळ्यांचे थेंब नकोत, त्यात बहुधा बेंझाल्कोनियम असतं. पावडर घ्या.

सायबर_चौक
आधी सलाइन, म्हणजे गँग्लियन बुडवून ठेवायचं खारं पाणी, बघ भावा. समुद्री खेकड्याचं ४४० मिलिमोलर मिठाचं सलाइन गोड्या पाण्यातल्याला घातलंस तर पेशी आकसतील. क्रेफिशचं (गोड्या पाण्यातला खेकड्याचा भाऊबंद) व्हॅन हॅरेवेल्ड सलाइन घे. लिटरला मीठ १२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.४, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.५३, ट्रिस १.२१, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.९८. बाटलीवर ‘अ‍ॅनहायड्रस’ असेल तर १.५ च. पीएच ७.४, पण प्रयोगाच्या तापमानालाच लाव. तापमान वाढलं की ट्रिसचा पीएच अंशाला ०.०३ नं घसरतो.

आणि नोंद घेताना नर्व्हभोवती बांधलेली व्हॅसलिनची विहीर गळत असेल तर स्पाइक बारीक होतात, ५० हर्ट्झची गुणगुण वाढते. लय गेली म्हणण्याआधी विहीर पुन्हा बांध.

पंचगंगा_घाट
मांजरातही हेच. १९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी मध्यमेंदूतल्या एका जागी विद्युत-उत्तेजन दिलं. जोर वाढवला तशी चाल, मग दुडकी, मग चौखूर. पावलांची लय मात्र उत्तेजनाच्या वारंवारतेशी जुळत नव्हती, ती मज्जारज्जूचीच.

फक्त पोरांना ‘संवेदना लागतच नाहीत’ असं सांगू नका. १९६१ मध्ये विल्सननं टोळाच्या पंखांच्या संवेदी नर्व्ह तोडल्या, तेव्हा उड्डाणाची लय टिकली, पण वेग जवळजवळ निम्म्यावर आला.