किनाऱ्यावरची दोस्तांची सहल: कशी ठरली, कशी झाली? (अनुभव लिहा)

हिशोबनीस

काल माळ्यावरची जुनी सॅक खाली काढली, लेकाला कॅम्पला हवी होती. उलटी करून झटकली तर मूठभर वाळू पडली आणि आतल्या खिशातून चार घड्यांचा एक कागद. "दिवेआगर, २४-२५-२६ जाने. ०९. माणसे ९." खाली हिशोब. पेट्रोल, सुरमई, बर्फ, नारळ, क्रोसिन, ट्रॅक्टर ३००, आणि सगळ्यात शेवटी "चप्पल १२०".

चप्पल कोणाची ते काही केल्या आठवेना. ट्रॅक्टर मात्र लख्ख आठवला.

तेव्हा व्हॉट्सॅप नव्हतं. दिवाळीपासून एसेमेसवर ठरवत होतो. आठ जणांना आठ मेसेज, आणि उत्तरं तीनच प्रकारची: चालेल, बघतो, घरी विचारतो. "बघतो" म्हणजे "नाही" हे कळायला वय वाढावं लागतं. शेवटी एकाने कुणालाही न विचारता ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती दिवेआगरच्या एका काकूंना दोन खोल्यांचे हजार रुपये आगाऊ पाठवून दिले. पैसे गेले म्हटल्यावर सगळ्यांना वेळ झाला.

२६ ला सोमवार होता, जोडून सुट्टी. पण नेमकी त्याच दिवशी अमावास्या, वर सूर्यग्रहण. एकाची आई "अवसेला समुद्रावर?" म्हणून अडून बसली. शिवाय २६ जानेवारी म्हणजे ड्राय डे. ते दुःख वेगळं.

शनिवारी ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत चारला पोचलो. पूर्ण ओहोटी, वाळू सिमेंटसारखी कडक. मग काय, सुरूच्या बनातल्या वाटेने ओम्नी थेट खाली. क्रिकेट, डुंबणं, फोटो. साडेपाचला निघायला गेलो तर मागची चाकं रुतलेली. जितकी रेस द्यावी तितकी आत. नऊ जण ढकलतोय आणि ती ढिम्म. एक आजोबा सायकल हातात धरून बघत उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आज तिथी काय?" आम्हाला कुठली तिथी! पण आईच्या त्या फोनमुळे सोमवारी अवस हे पाठ होतं, तिथून मागे मोजत तेरसपर्यंत आलो. आजोबांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं. "पावणेदहाला भरणार. उधाणाची भरती आहे. ट्रॅक्टर आणा, मग ढकला."

आणला. ३०० रुपये. गणपतीला जाऊन नाक घासलं. तेव्हा तिथे सोन्याचा मुखवटा होता, २०१२ मध्ये चोरीला गेला.

तर तुमचंही लिहा. ठरलेली, फिसकटलेली, कशीही.

डाळखिचडी

पहिली मी!! आमच्या ग्रुपचं नाव "कोकण फायनल". २०१६ ला काढलाय. मधल्या काळात दोघांची लग्नं झाली, एकीला जुळी झाली, एक कॅनडाला गेला. कोकण अजून फायनल नाही. मग येते, दूध उतू

अर्धा_डझन_बांगडे

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "दूध उतू" वर वाक्य संपलं

खारवी_नाही_पण_शेजारी

दापोली तालुक्यातला आहे, घरगुती राहायची सोय करतो. (जाहिरात नाही, नाव सांगणार नाही.) आजोबांचं गणित लिहून ठेवा. तिथीला पाऊणने गुणायचं. त्रयोदशी तर तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. भरती सकाळी पावणेदहा आणि रात्रीही साधारण तेव्हाच, ओहोटी त्यापासून सहा तासांनी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी, भर उन्हात. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अवसेला उधाण.

लोक फोनवर काय विचारतात? एसी आहे का, सी-व्ह्यू आहे का, वायफाय आहे का. भरती किती वाजता, हे दहा वर्षांत फक्त एका बाईंनी विचारलं. त्यांना मी खोली दोनशे रुपये कमी लावली.

आणि हात जोडून सांगतो, गाड्या वाळूत घालू नका. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्याचा दिवस चांगला जातो, आता तो ३०० मध्ये येत नाही.

हिशोबनीस

दंडवत. सोळा वर्षं मी आजोबांना चमत्कारी समजत होतो.

वसईकर_माई

आम्ही सहा जणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. पाच वर्षं नुसतं भिशीत बोलणं चालू होतं. शेवटी भिशीचाच एक महिना कोणीच उचलला नाही आणि त्या पैशात गुहागर केलं. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडली, गाडीतच नाश्ता झाला, जेवण झालं, चिपळूण येईपर्यंत खातच होतो. पुढे गुहागरला जीप.

घरून फोन. माझ्या ह्यांचा पहिला फोन पनवेलला: "तुरीची डाळ कुठल्या डब्यात?" दुसरा रोह्याला: "किती शिट्ट्या?" मग बोगदे लागले आणि रेंज गेली. तसं सुख मी आयुष्यात अनुभवलं नाही.

गुहागरचा किनारा लांबच लांब. सकाळी चालायला गेलो ते बोलता बोलता इतक्या लांब गेलो की परत यायला रिक्षा करावी लागली. एकीने नऊवारी नेसून पाण्यात जायचं ठरवलं होतं, घरून आणलीही होती. गेली. कोणी बघतंय का हेही तिने पाहिलं नाही. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झालीय. फोटो आहे, पण टाकणार नाही, मारेल मला.

हेदवीची बामणघळ बघायला गेलो तर नुसतीच दगडातली भेग. समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, भरतीला या, पाणी उंच उडतं. वरचं गणित तेव्हा माहीत असतं तर!

डाळखिचडी

माई "रेंज गेली" ला उभं राहून टाळ्या. आमच्याकडे ते फोन मी घरात असतानाही येतात, आतल्या खोलीतून

पुणेरी_जोशीबुवा_नव्हे

आत्ता पुण्याहून दिवेआगर रस्ता कसा आहे? ताम्हिणी की वरंध? पुढच्या शनिवारी जायचंय, लहान मूल आहे सोबत.

अर्धा_डझन_बांगडे

ताम्हिणीच. वरंध तुम्हाला लांब पडेल, पावसाळ्यात बरेचदा बंदही असतो. मुलाला उलटीची गोळी आधी द्या. आणि गाडीत मागे खिडकीशी बसवू नका, अनुभव आहे. सीट कव्हर बदलावं लागलं.

सोलकढी_विदाऊट

२०१४. हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणारी बोट) वेश्वीला उतरायचं आणि मुक्काम केळशी, असा प्लॅन. देवळामागची प्रदक्षिणेची वाट करायचा एकाचा हट्ट, तिथे लाटा अंगावर येत होत्या म्हणून लोकांनी थांबवलं, तर तो भरती उतरायची वाट बघत बसला. भक्ती वगैरे काही नाही, रील नव्हते तेव्हा पण वृत्ती तीच. आम्ही धक्क्यावर पोचलो तर शेवटची बोट मधोमध खाडीत, आमच्याकडे पाठ करून चाललेली. समोर वेश्वी दिसतंय. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. आणि आम्ही मागे फिरून म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड अशी अख्ख्या सावित्री नदीला प्रदक्षिणा घातली. ती प्रदक्षिणा काय चुकत नाही बघा.

रात्री अकराला केळशीत. मावशींनी झाकून ठेवलेलं पिठलं-भात. मासे आम्ही येत नाही म्हणून शेजाऱ्यांना दिले होते. शेजारी ओट्यावर बसून दात कोरत होते.

खारवी_नाही_पण_शेजारी

मीच असेन तो. (नाही हो, गंमत.)

काठावरून

मला गंमतीचं लिहायला जमणार नाही, तरी लिहिते. ऑगस्टमध्ये गेलो होतो, जोडून सुट्टी होती. किनाऱ्याचं नाव लिहीत नाही. गुडघाभर पाण्यात आम्ही चौघे हात धरून उभे. लाट आली तेव्हा काही झालं नाही. परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली आणि आमची टोकाची मैत्रीण सुटली. दोन कोळी पोरांनी दोरी आणि ट्यूब घेऊन तिला बाहेर काढलं. तोपर्यंत किती वेळ गेला कोणालाच सांगता येत नाही, मला वाटतं अर्धा तास, नवरा म्हणतो चार मिनिटं. ती आता ठीक आहे, गेल्या वर्षी आई झाली. पण आमच्या ग्रुपवर समुद्राचं नाव निघालं की कोणी तरी लगेच महाबळेश्वर काढतं.

त्या पोरांनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

वसईकर_माई

बाई ग. अंगावर काटा आला. देव पाठीशी.

अर्धा_डझन_बांगडे

२०१६ ला फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याला पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हा तर पावसाळाही नव्हता. त्यात माझ्या भाचीच्या ओळखीचं कोणी होतं. तेव्हापासून मी किनाऱ्यावर पोचलो की आधी गावातल्या माणसाला विचारतो, कुठे उतरायचं आणि कुठे नाही. दोन मिनिटं लागतात.

जर्सीतला_मावळा

आमच्याकडे जर्सी शोअरला बऱ्याच गावांत वाळूवर पाय ठेवायला बॅज विकत घ्यावा लागतो, उन्हाळ्यात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कोणी तरी फसवतंय. आठ मराठी कुटुंबं, जुलै, चार कूलर, एक छत्री वाऱ्याने उडून शेजारच्यांच्या पिकनिकवर. चिकनला कांदा-लसूण मसाला लावून नेलं होतं. वास गेल्यावर शेजारी छत्रीचं विसरले आणि प्लेट घेऊन आले. आता ते दरवर्षी आमच्या आधी जागा धरतात.

पण सोलकढी पाकिटातली. चालवून घेतो.

सोलकढी_विदाऊट

पाकिटातली?? आयडीला जागून विचारतो, लसूण घालता का?

वसईकर_माई

लसूण हवीच. मिरची, लसूण, कोथिंबीर.

खारवी_नाही_पण_शेजारी

आमच्याकडे कोकमाचं आगळ आणि नारळाचं पहिलं दूध, बास. फार तर मिरची. जाता जाता, गुलाबी रंग बघून खूश होऊ नका, काही ठिकाणी बीटाचा असतो.

सोलकढी_विदाऊट

बीट! धागा बंद करा.

डाळखिचडी

दूध उतू गेलं होतं, ओटा पुसून आले. कुठवर आलो? हां, आमचा ग्रुप. मुख्य अडचण सांगते. एकीला बीचला लागून हवं, एकीला "पण शांत", एकीला शुद्ध शाकाहारी, एकीला सुरमईच, एकीला शुक्रवारी निघायला जमत नाही, एकीला रविवारी रात्री आठच्या आत घरी. पोल घेतला तर पाच पर्यायांना पाच मतं. सहावी म्हणाली "मी सगळ्यांसोबत".

चष्मा_हरवला

सहावीच खरी गुन्हेगार.

खारवी_नाही_पण_शेजारी

@डाळखिचडी, यजमान म्हणून सांगतो. माणसं किती, त्यात शाकाहारी किती, हे आदल्या दिवशी कळलं तरी पुरे. उकडीचे मोदक हवे असतील तरीही आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी पिठी कुठून काढणार. मासा कुठला ते मात्र तुम्ही ठरवू नका. हर्णैच्या लिलावात त्या दिवशी जे येईल ते. जून-जुलैत तर मासेमारीच बंद असते, तरी लोक जुलैत विचारतात "पापलेट ताजं आहे ना?" आणि मे महिन्यात आमच्या विहिरीला तळ दिसतो, तेव्हा तासभर शॉवरखाली उभे राहू नका. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर.

ओम्नीचा_मालक

हिशोबनीस, भाड्या, लिंक आत्ता मिळाली मला. पहिली गोष्ट, गाडी वाळूत घालायची कल्पना तुझी होती. चालवत मी होतो, पण "अरे कडक आहे, घाल" कोण ओरडत होतं? दुसरं, ट्रॅक्टर ३०० नाही, साडेतीनशे. ५० मी वेगळे दिले, त्याच्या पोराला. ते अजून यायचेत. तिसरं, चप्पल.

हिशोबनीस

अरे!!! तू इथे? चप्पल कोणाची, सांग.

ओम्नीचा_मालक

आजोबांची. चाकाखाली घालायला फळी मिळेना तेव्हा त्यांनी पायातली काढून दिली. ट्रॅक्टरने ओढल्यावर एक मिळाली, दुसरी नाही. दुसऱ्या दिवशी तू आणि मी श्रीवर्धनला जाऊन नवी आणली. आठवत नाही? तू मोठी आणलीस, त्यांच्या मापाची नव्हती. ते म्हणाले नातवाला होईल.

वसईकर_माई

अग्गोबाई.

हिशोबनीस

आठवलं. निळा पट्टा होता.

पुणेरी_जोशीबुवा_नव्हे

ताम्हिणीने जातो मग. उलटीची गोळी किती वेळ आधी द्यायची?

डाळखिचडी

अर्धा तास. आणि कोणाकडे चालू नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दापोलीवाले दादा तुम्हीसुद्धा. माणसं सहा, शाकाहारी दोन. मी आत्ता आगाऊ पैसे भरते आणि मग ग्रुपवर सांगते. तिथी कुठली घेऊ?

खारवी_नाही_पण_शेजारी

पंचमी-षष्ठी बघा. चार-साडेचारला भरती, दिवेलागणीला पाणी उतरत जाईल. गाडीने येताय की एसटीने?

डाळखिचडी

गाडीने. आवारात लावू, शप्पथ.