लोम (नॉर्वे) येथील तळी, गावे आणि पाहण्यासारखी ठिकाणे: जूनमधील प्रवासासाठी माहिती हवी

देवगडचा बागायतदार

सर्वांना नमस्कार. यंदा आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली की आम्ही उभयता आणि माझे वडील मुलीकडे ऑस्लोला जाणार आहोत. जूनच्या मध्यावर तिने लोम नावाच्या डोंगराळ कोम्यूनमध्ये मुक्काम ठरवला आहे. कोम्यून म्हणजे आपल्याकडची नगरपालिका आणि तालुका यांच्या मधले काहीतरी, इतपत मला समजले. पण क्षेत्रफळ पाहिले तर ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे, आणि वस्ती मात्र जेमतेम सव्वादोन हजारांची! एवढ्या पसाऱ्यात नेमके कोठे उतरावे, कोणती तळी आणि कोणती गावे पाहावीत, हे उमगत नाही. वडिलांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून गाडी जेथवर जाते तेथवरचेच बेत आखायचे आहेत.

आणखी एक कुतूहल आहे. तेथील शेतकऱ्यांना गवताच्या कुरणांनाही पाणी द्यावे लागते, असे मुलगी सांगते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर तर आपल्यासारखाच पाऊस कोसळतो म्हणतात. मग हे कसे?

मूळ मालवण, मुक्काम बर्गन

मुक्कामासाठी फोस्बर्गोम हेच गाव निवडावे. कोम्यूनचा कारभार तेथूनच चालतो आणि दुकाने, संग्रहालय, चर्च हे सारे हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे वडिलांना त्रास होणार नाही. बव्हरा नदी गावाच्या मधोमध खडकांवरून आदळत खाली येते आणि पुढे ओट्टा नदीच्या प्रवाहात मिसळते. तेथून पूर्वेकडे वोगोवातने हे लांबोडके सरोवर पसरलेले आहे. ते समुद्रसपाटीपासून ३६२ मीटरवर आहे, म्हणजे डोंगरांच्या मानाने अगदी तळाशी. त्याचे पाणी निळे नसून हिरवट, किंचित दुधाळ दिसते, कारण हिमनद्यांनी खडक घासून केलेली बारीक भुकटी त्यात तरंगत असते. जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असल्याने नदीला जोर असतो आणि पुलावर उभे राहून बोललेले शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही.

गावातील लाकडी चर्च आवर्जून पाहावे. त्याची मूळ लाकडे ११५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोडलेली असल्याचे लाकडांतील वर्तुळांवरून ठरवले आहे. १६६३ मध्ये बाजूंना भर घालून इमारतीला क्रुसाचा आकार देण्यात आला. जमिनीखाली उत्खनन केले तेव्हा दोन हजारांहून अधिक नाणी मिळाली. एवढे जुने असूनही तेथे आजही गावची उपासना होते, म्हणून समारंभ चालू असताना पर्यटकांना आत सोडत नाहीत.

वोगोवातनेच्या काठाने पूर्वेला गेल्यास गार्मो लागते. तेथील जुने लाकडी चर्च मात्र गार्मोत सापडणार नाही. ते १८८० च्या सुमारास उतरवले गेले आणि १९२०-२१ मध्ये लिलेहामरच्या मायहाउगेन संग्रहालयात पुन्हा उभारले गेले. ऑस्लोहून गाडीने येणार असाल तर लिलेहामर वाटेतच आहे, तेव्हा ते येतानाच पाहून घ्यावे. गार्मोच्या दक्षिणेला डोंगरात साडेआठशे मीटरच्या आसपास टेस्से हे सरोवर आहे. राजा ओलाफने गार्मोच्या तोर्गेरला चर्च बांधण्याच्या बदल्यात या सरोवरातील मासेमारीचा हक्क दिला, अशी अकराव्या शतकाच्या आरंभीची आख्यायिका सांगतात. एका तळ्यातील माशांचे मोल एका देवालयाएवढे होते, यावरून त्या डोंगरातील जुन्या संसाराची कल्पना येते. आता त्याच पाण्यावर वीज तयार होते आणि सरोवराची पातळी ऋतूनुसार बरीच वरखाली होते, त्यामुळे जूनमध्ये काठाचे दगड उघडे दिसले तर नवल वाटू देऊ नये.

गाल्डहोपिगेन हे २,४६९ मीटरचे नॉर्वेतील सर्वोच्च शिखर याच कोम्यूनमध्ये आहे. १८५० मध्ये त्यावर प्रथम पोहोचलेले तिघेही लोमचेच होते आणि त्यांत एक शाळामास्तर होता. तुम्हाला चढायचे नाही, पण टोल भरून गाडी १,८४१ मीटरवरच्या युवासहिट्टापर्यंत नेता येते. तेथून शिखर समोर दिसते, आणि शेजारचे तळे जूनमध्येही गोठलेले असू शकते.

बव्हरदालेन खोऱ्यात एल्व्हेसेटर येथे नॉर्वेच्या इतिहासातील प्रसंग कोरलेला, तीस मीटरहून उंच असा सागास्तंभ आहे. तो मुळात ऑस्लोत संसदेसमोर उभा राहायचा होता, परंतु त्याचा शिल्पकार नाझीधार्जिण्या पक्षाचा सदस्य निघाल्याने युद्धानंतर ते काम बारगळले आणि अखेर १९९२ मध्ये या खोऱ्यात त्याला जागा मिळाली. शिल्प म्हणून मला तो बोजडच वाटतो. वाटेवर आहे, एवढ्यासाठी थांबावे.

चिपळूणची भूगोल शिक्षिका

पावसाच्या प्रश्नापुरते लिहिते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सह्याद्री ओलांडून माण-खटावकडे गेले की तो पाचशेच्या आसपास येतो, हे आपण जाणतोच. नॉर्वेतही तसेच घडते. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे पश्चिमेच्या डोंगरांवर आणि योस्टेडाल हिमक्षेत्रावर चढताना आपले पाणी तेथेच टाकतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनला सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि डोंगरांच्या पूर्वेकडील लोमच्या वाट्याला सुमारे ३०० मिलिमीटर उरतात. आपल्याकडे हे सारे चार महिन्यांत उरकते, तेथे मात्र हे वारे वर्षभर वाहतात. म्हणूनच लोमच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात आकाशावर भरवसा ठेवता येत नाही.

गुहागरचा सुपारीवाला

मग पाणी आणतात कोठून? आमच्या वाडीत ओढ्यावर दगडमातीचा बांध घालून पाटाने पाणी फिरवतात आणि खळगा आडवा आला तर पन्हळ टाकतात. तेथेही असेच काही असते काय?

मूळ मालवण, मुक्काम बर्गन

अगदी असेच असते. वरच्या डोंगरांतील वितळत्या बर्फाचे पाणी चरांनी कित्येक किलोमीटर वळवून शेतांपर्यंत आणण्याची पद्धत तेथे मध्ययुगापासून आहे. जेथे कडा किंवा घळ आडवी येते तेथे पोखरलेल्या लाकडाच्या पन्हळी टाकत. शेतात पोहोचलेले पाणी पूर्वी लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पिकावर उडवत. आता बहुतेक ठिकाणी तुषार सिंचन आले आहे. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. आपला ओढा ऊन वाढेल तसा आटत जातो आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याची पाळी लांबते. तेथे ऊन जितके कडक तितका बर्फ अधिक वितळतो, म्हणजे गरज वाढते त्याच दिवसांत पाणीही वाढते. तेवढ्या पावसात शेती तगली ती या योगामुळेच. लोममध्ये लोक शिखराची छायाचित्रे काढून परत फिरतात, पण माझ्या मते तेथे पाहण्यासारखी खरी गोष्ट हे पाणी खाली कसे आणले ती आहे.

बर्फाचा विषय निघाला म्हणून सांगतो. गावामागच्या डोंगरात लेनब्रेन नावाचा हिमपट्टा आहे. तो आक्रसू लागल्यावर २०११ मध्ये त्यातून लोकरीचा एक अंगरखा निघाला, जो इसवी सन ३०० च्या आसपासचा आहे. पुढे घोड्यांची लीद, बर्फात घोड्याच्या खुराला बांधायचे जाळे, घसरगाडीचे अवशेष असे बरेच काही सापडले आणि तेथे एक विस्मृतीत गेलेली खिंड होती, तिच्यावरून इसवी सन १००० च्या सुमारास सर्वाधिक वाहतूक होत होती, हे सिद्ध झाले. हिमपट्ट्यापर्यंतची चढण तुमच्या वडिलांना झेपणारी नाही, परंतु त्या परिसरातील बर्फातून निघालेल्या वस्तू फोस्बर्गोमच्या पर्वत संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

देवगडचा बागायतदार

आपणा सर्वांचे आभार. आता एकच विचारतो. लोमहून पश्चिमेकडे डोंगर ओलांडणारा सोग्नेफियेलचा घाटरस्ता तोपर्यंत खुला झालेला असतो काय, आणि तो मुक्कामाच्या कोणत्या दिवशी ठेवावा?

मूळ मालवण, मुक्काम बर्गन

तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि साधारणपणे मे महिन्यात खुला होतो, त्यामुळे जूनच्या मध्यावर अडचण येऊ नये. १९३८ मध्ये खुला झालेला हा रस्ता १,४३४ मीटरपर्यंत चढतो. पूर्वी याच डोंगरवाटेने लोमची माणसे लोणी आणि कातडी घेऊन पश्चिमेच्या फियोर्डकडे, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकडे, उतरत आणि मीठ घेऊन परतत. दिवस आधीपासून ठरवू नये. मुक्कामातील जी पहिली सकाळ निरभ्र उजाडेल ती या रस्त्याला द्यावी, आणि चर्च, संग्रहालय व सरोवराचा काठ ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवावा. वर वारा बोचरा असतो, म्हणून वडिलांसाठी कानटोपी आणि जाड स्वेटर गाडीत हाताशी असू द्यावा. पेट्रोल फोस्बर्गोममध्येच भरून घ्यावे.