सल्ला हवा: घाटात चालणाऱ्या स्विफ्टसाठी टायर आणि व्हील अलाइनमेंट

घाटमाथा (प्रश्नकर्ता):
माझ्याकडे २०२१ ची पेट्रोल, मॅन्युअल स्विफ्ट झेडएक्सआय आहे. आठवडाभर ती पुण्याच्या वाहतुकीत चालते आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी किंवा वाईहून पाचगणीकडे चढणाऱ्या पसरणी घाटात जाते. शर्यत करण्याचा हेतू नाही. वळणात गाडीने स्टिअरिंगचे नेमके ऐकावे आणि पावसात भरवसा वाटावा, एवढीच अपेक्षा आहे. मूळचे १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर आता झिजले असून पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच अधिक खाल्ली गेली आहे. मित्र १६ इंची अलॉय आणि १९५/५५ टायर घ्यायला सांगतात, तर दुकानदाराच्या मते पुढचे दोनच बदलले तरी चालेल. कोणता आकार घ्यावा, आणि अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, कोणते आकडे मागावेत?

कृष्णाकाठ:
टायर विकत घेण्याआधी आतली कड का झिजली याचा शोध घ्यावा, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील. ट्रेडवरून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्यावरून, हाताचा तळवा आडवा फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागत असेल, तर दोष बहुधा टोमध्ये (वरून पाहता चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आहे. कड दोन्ही दिशांनी गुळगुळीतच असेल, तर कॅम्बरवर (समोरून पाहता चाकाचा उभा कल; वरची बाजू आत झुकली तर उणे) संशय घ्यावा. मात्र चाक धरणाऱ्या सांध्यांपैकी टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचा बुश सैल झाला असेल, तर यंत्रावर उभ्या गाडीचे आकडे कितीही सुंदर दिसले तरी ब्रेक दाबताच चाकाची दिशा बदलते. त्यामुळे हे भाग आधी तपासून घ्यावेत.

स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी तुळई) आहे, म्हणजे मागचे कोन फक्त मोजता येतात, फिरवता येत नाहीत. पुढेही कंपनीने केवळ टो बदलण्याची सोय ठेवली आहे. टायर सर्वाधिक लवकर खाणारा कोन हाच आहे. एका चाकाचा टो अर्धा अंश चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला जवळजवळ नऊ मीटर आडवे घासत जाते. टो बाहेर ठेवला की वळणात शिरताना गाडी चपळ वाटते, हे खरे. परंतु सरळ रस्त्यावर ती भटकते आणि आतली कड झिजते. पुढच्या चाकांना इंजिनचा जोर असल्यामुळे वेग वाढवताना ती स्वतःच किंचित आत वळू पाहतात, म्हणून मी शून्य टो मागेन, किंवा फार तर दोन्ही चाकांचा मिळून ०.१ अंश आत.

कॅम्बरसाठी स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब) आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढून तिथे एक्सेंट्रिक, म्हणजे फिरवला की कोन बदलणारा, कॅम्बर बोल्ट बसवता येतो. उणे १ ते उणे १.२५ अंश पुरे. वळणात गाडी झुकते तेव्हा बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो, आणि एवढा कोन दिला तर ट्रेड रस्त्याला अधिक सपाट टेकतो. उणे २ च्या पुढे मात्र रोजच्या शहरी चालीत आतली कड झिजू लागते. आकडा मोठा असण्यापेक्षा डावी-उजवी बाजू सारखी असणे अधिक मोलाचे, कारण त्यातील फरकाने गाडी एका बाजूला ओढते.

रबरी_मत:
आकाराबाबत मित्रांचे गणित चुकीचे नाही. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि १९५/५५ आर१६ चा ६२०.९, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. पण साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते, आणि पावसाळ्यानंतरचे आपल्याकडचे खड्डे पाहता हे तेरा मिलिमीटर रबर मला रिमखाली हवे आहे. शिवाय स्वस्त १६ इंची अलॉय बहुधा जड असते, आणि चाकाचे वाढलेले वजन खडबडीत वळणात टायरला रस्ता सोडायला लावते.

मी १५ इंचावर राहून १९५/६० आर१५ घेईन. व्यास ६१५ भरतो, म्हणजे फरक जेमतेम एक टक्का. रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली रुंदी मात्र आधी वाचा: या टायरला किमान ५.५जे (साडेपाच इंच रुंद) रिम लागते. आपली रिम ५जे निघाली, तर १८५/६५ मध्येच उत्तम टायर घेणे शहाणपणाचे. लोड इंडेक्स, म्हणजे टायरच्या भारक्षमतेचा आकडा, मूळच्या टायरपेक्षा कमी नसावा. ८८ चा अर्थ दर टायरला ५६० किलो असा होतो.

ताम्हिणीसाठी ओल्या रस्त्यावरची पकड हीच पहिली कसोटी. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी किंवा कॉन्टिनेन्टल यूसी६ या वर्गातले टायर पाहावेत. ट्रॅकसाठी बनवलेले मऊ टायर थंड, ओल्या सकाळी निराश करतात. ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणाऱ्या, आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. बाजूवरचा चार अंकी तारखेचा शिक्का मात्र जरूर वाचावा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

तिसरा_गिअर:
दोनच टायर घ्यायचे ठरले तर ते पुढेच टाकावेत ना? जोर, स्टिअरिंग आणि बहुतेक ब्रेकिंग पुढच्याच चाकांवर असते.

रबरी_मत:
हा समज सार्वत्रिक आहे, पण नवी जोडी मागे जावी. ओल्या वळणात पुढची पकड सुटली तर गाडी वळणाच्या बाहेर जाऊ लागते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केल्यावर बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. प्रश्नकर्त्यांनी चारही बदलावेत, असेच मी सुचवेन. ट्रेडच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी पावसाळ्यात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मला नकोसा वाटतो.

घाटमाथा (प्रश्नकर्ता):
दोघांचेही आभार. रिम पाहिली, ५.५जे आहे, तेव्हा १९५/६० चे चार टायर घेतो. अलाइनमेंटवाल्याला नेमके काय सांगावे? "मशिन हिरवे दाखवते" यापुढे तिथे कोणी बोलत नाही.

कृष्णाकाठ:
हिरवा पट्टा म्हणजे कंपनीने दिलेली सूट. तिच्या दोन टोकांवर उभी असलेली दोन चाकेही हिरवीच दिसतात. म्हणून आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागावेत. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरलेली असावी आणि डिकीतले सामान काढलेले असावे. मागचे कोन आधी मोजायला सांगा, मग कॅम्बर, आणि टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो. टो लावताना स्टिअरिंग सरळ धरून कुलूपबंद केलेले असावे. कॅम्बर बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. काही शे किलोमीटरनंतर तो सरकला नाही ना हे पाहून पुन्हा एकदा मोजून घ्या, आणि त्याच वेळी ट्रेडवरून हातही फिरवा.