कॅसेटी घरात, मुलगी जर्मनीत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शनिवार, रात्री ९.१०

बी-३०२: सर्वांना नमस्कार. नेटवर्कमधलं कळणाऱ्या कोणाकडे थोडा वेळ असेल तर मदत हवी आहे. आमच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेटी एम. जी. रोडवरून कॉम्प्युटरवर उतरवून आणल्या. २२ आहेत. त्यात २००४ ची रंगपंचमी आहे, तिवंध्याची रहाड (आपल्या नाशिकचा रंगपंचमीचा रंगाचा हौद), आणि कॅमेऱ्यामागे सगळा वेळ हिचा आवाज आहे. मुलगी जर्मनीत असते, तिला ते बघायचंय. जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं, आपलेच व्हिडिओ दुसऱ्या पडद्यांवर दाखवणारं सॉफ्टवेअर. घरातल्या टीव्हीवर दिसतं, पण तिला तिकडून उघडतच नाही. एकाने सांगितलं, बारा हजारांचा राउटर घ्या. घ्यावा का?

ए-१०१: काका, राउटर लगेच नका घेऊ. पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून एक दार उघडून द्या. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ८०९६ पोर्ट लॅपटॉपच्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) जोडायचा, झालं.

बी-३०२: तेही केलं रे, यूट्यूबवर बघून. दोन रात्री गेल्या. 'टाइम्ड आउट' एवढंच येतं.

डी-२०३: भाऊजी, गूगल ड्राइव्हवर टाकून तिला लिंक पाठवा ना.

बी-३०२: वहिनी, तासाभराच्या एका कॅसेटची फाइल १३ जीबीची आहे. ड्राइव्हवर फुकट जागा मिळते १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटो धरून. आणि मनापासून सांगतो, हा आवाज घरातच राहावा असं वाटतं.

सी-४०४: काका, आत्ताच वाचलं. मी अंबडला एका कंपनीचं नेटवर्क बघते, रोज हेच काम. राउटर घेऊ नका. आधी एक तपासा. राउटरच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' असं काहीतरी असेल, तिथला आयपी बघा. मग मोबाइलचा डेटा बंद करून, घरच्या वाय-फायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. दोन्ही आकडे सारखे आहेत का?

बी-३०२: नाहीत. राउटरवर १०० पॉइंट ७२ ने सुरू होतो. गूगलवर वेगळाच.

सी-४०४: मग तुमचं काहीच चुकलेलं नाही. दोन रात्री तुम्ही जे केलंत ते बरोबर होतं, फक्त इथे ते चालणारच नव्हतं. सांगते का ते.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४३० कोटी. ते वाटणाऱ्या मुख्य संस्थेकडचा साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला, आशियाचा त्यानंतर दोन महिन्यांत. त्यामुळे कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. २०१२ मध्ये यासाठी पत्त्यांचा एक गट मुद्दाम बाजूला काढला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. तुमचा १००.७२ त्यातलाच.

आपल्या गेटचं उदाहरण घ्या. आपण बाहेर जाऊन परत आलो तर वॉचमन ओळखतो, आत सोडतो. पण एखादं कुरियर नुसतं सोसायटीचं नाव लिहून आलं, फ्लॅट नंबरच नाही, तर तो कोणाची बेल वाजवणार? परत पाठवतो. तुम्ही पोर्ट उघडलात तो तुमच्या फ्लॅटच्या दाराचा. मुलगी अडकलीय गेटवर, आणि गेट कंपनीच्या ताब्यात आहे. बारा हजारांचा राउटर लावलात तरी तो गेटच्या आतच लागणार.

ए-१०१: ताई, मग स्टॅटिक आयपी घ्यायचा, म्हणजे फक्त आपल्याच घराचा कायमचा पत्ता. कंपन्या पैसे घेऊन देतात.

सी-४०४: देतात, आणि त्याने चालेलही. पण ते मला घरासाठी पटत नाही, आणि हे मी कळकळीने सांगतेय. पोर्ट उघडला की तुमच्या लॅपटॉपचं लॉगिन पान फक्त मुलीला नाही, सगळ्या जगाला दिसतं. उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठी चोरी झाली. चोर शिरले ते त्यांच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून, आणि त्यावरच्या मीडिया सॉफ्टवेअरमधल्या भोकातून. घरचा पिक्चर बघायचा सर्व्हर! आपण महिनोन् महिने अपडेट करत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर बँकेचं लॉगिनही असतं. काका, तो ८०९६ चा नियम आधी काढून टाका, प्लीज. यूपीएनपी (प्रोग्रामना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी राउटरमधली सोय) चालू असेल तर तेही बंद करा.

बी-३०२: काढला. यूपीएनपी चालूच होतं, तेही बंद केलं. आता?

सी-४०४: आता टेलस्केल, दूरच्या मशीनना एकाच खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर. घरगुती वापराला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर टाका, मुलीला तिच्या लॅपटॉपवर टाकायला सांगा आणि तुमच्या खात्यातून तिला आमंत्रण द्या. दोन्ही मशीन स्वतःहून बाहेर पडतात आणि एकमेकांना गाठतात, मधे वायरगार्ड नावाच्या पद्धतीचा कुलूपबंद बोगदा तयार होतो. बाहेरून आत येणारं कोणी नाही, त्यामुळे गेटचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या लॅपटॉपला एक नवा पत्ता मिळेल. तोही १०० नेच सुरू होतो, पण गोंधळू नका, तो राउटरवरचा १००.७२ नव्हे. तिने ब्राउझरमध्ये तो पत्ता, त्यापुढे कोलन आणि ८०९६ टाकायचं.

सी-२०१: जेलीफिनसारखंच प्लेक्स आहे, त्यात हे सगळं करावं लागत नाही ना? माझ्या भाच्याकडे आहे, तो कुठूनही बघतो.

सी-४०४: हो, प्लेक्स सोपं आहे. पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायलाही त्यांचा पैसे भरून घ्यायचा पास लागतो. शिवाय लॉगिन त्यांच्या सर्व्हरवरून होतं. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी या तसल्याच सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, एम्बीने आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं बंद केलं म्हणून. काकांना सगळं घरात ठेवायचंय, त्यांनी बरोबर निवडलंय.

रविवार, दुपारी १२.४०

बी-३०२: लागलं!! सकाळी साडेअकराला, तिच्याकडे सातच वाजले होते, उठून बसली होती बिचारी. पण चित्र दर पाच सेकंदाला थांबतं. आणि कोणी रहाडीत उडी घेऊन धप्पा मारला की पाणी उडतं तिथे आडव्या रेघा रेघा दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या.

सी-४०४: वा काका! आता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघा आधी.

जुना कॅमेरा एक पूर्ण चित्र घेत नसे. आधी एक सोडून एक ओळी, मग मधल्या उरलेल्या ओळी, अशा दोन अर्ध्या चित्रांचं एक. जुने टीव्ही तसंच दाखवायचे, म्हणून कळायचं नाही. आताच्या पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दिसतात, आणि मधल्या क्षणात पाणी पुढे सरकलेलं असतं. संथ दृश्यात दिसत नाही, रहाडीत दिसणारच. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'डीइंटरलेस' (दोन्ही अर्धी नीट जुळवायची सोय) चालू करा आणि एच २६४ या फाइल लहान करणाऱ्या पद्धतीत एमपी४ बनवा. १३ जीबीची फाइल दोन जीबीच्या आत येईल.

बी-३०२: चित्र खराब नाही ना होणार?

सी-४०४: बघण्यात फरक कळणार नाही. पण मूळ १३ जीबीच्या फाइली अजिबात पुसायच्या नाहीत. त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक तुमच्या भावाकडे पंचवटीला. सर्व्हरवर आहे म्हणजे जपलंय असं नसतं. डिस्क एका क्षणात जाते, आणि त्या कॅसेटी परत चालतील याची खात्री नाही.

थांबण्याचं कारणही अर्धं यातच आहे. मूळ फाइल सेकंदाला २५ मेगाबिट मागते, आणि ब्राउझरला ती तशी चालतच नाही. म्हणजे तुमचा लॅपटॉप प्रत्येक क्षणी तिचं रूपांतर करत बसतो. हात लावून बघा, तापला असेल.

बी-३०२: तापलाय. पंखा विमानासारखा वाजतोय.

सी-४०४: तेच. एमपी४ केल्यावर फाइल आहे तशी निघेल, त्याला काही काम उरणार नाही. उरलेलं अर्धं कारण वाय-फाय असणार. लॅपटॉप कुठे ठेवलाय?

बी-३०२: आतल्या खोलीत. राउटर हॉलमध्ये.

सी-४०४: काका, सर्व्हर कधीही वाय-फायवर नको. आपल्या विंगमध्ये प्रत्येक घरात राउटर, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळी घरं त्यातच बोलतात. कॅट ६ ची तयार नेटवर्क वायर आणा आणि लॅपटॉप राउटरला जोडा. मग स्पीड टेस्ट करा, पण आकडा बघायचा अपलोडचा. घरी बघतो तेव्हा डाउनलोड लागतं, ती बघते तेव्हा तुमच्या घरातून बाहेर जातं. १०० मेगाबिटचा प्लॅन म्हणजे अपलोडही १०० असं धरू नका.

रविवार, संध्याकाळी ७.०५

बी-३०२: वाय-फायवर अपलोड ११ होतं. वायर लावली, ३८! एक कॅसेट एमपी४ केली, रेघा गेल्या. पण ती म्हणते, मधूनमधून अजून अडकतंय.

सी-४०४: टेलस्केलमध्ये तिचं मशीन 'डायरेक्ट' दाखवतंय की 'रिले'?

बी-३०२: रिले.

सी-४०४: म्हणजे दोघांना थेट वाट मिळाली नाही, सगळं मधल्या सर्व्हरवरून वळसा घालून जातंय. राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद असेल, चालू करा. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत, तिथे वाटणी करावी लागत नाही. तिच्याकडेही असेल तर थेट जुळेल.

बी-३०२: केलं. राउटर बंद करून चालू केला. डायरेक्ट आलं!

ए-१०१: काका, तिला सांगा, मोबाइलवरून टीव्हीला कास्ट करायला जाऊ नको.

सी-४०४: हे बरं आठवलंस. कास्ट केलं की टीव्ही स्वतः फाइल आणायला जातो, आणि टीव्ही बोगद्यात नसतो. अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्यावरच टेलस्केल टाकता येतं. नसेल तर लॅपटॉपला एचडीएमआय वायर लावायची.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चालली आहे. असा एक सर्व्हर सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवून सर्वांना सिनेमे दाखवता येतील का?

सी-४०४: दादा, गणपतीचे, स्नेहसंमेलनाचे आपले व्हिडिओ नक्की ठेवू, मी लावून देते. सिनेमे नाही. आपण विकत घेतलेली डिस्क घरात बघणं वेगळं, सगळ्या सोसायटीला वाटणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही. त्याला मी हात लावणार नाही.

सेक्रेटरी: ठीक. आणि डक्टमधून वायर टाकायची असेल तर आधी कळवा, लिफ्टच्या केबलजवळून कोणी नेऊ नका.

सोमवार, सकाळी ७.५०

बी-३०२: रात्री पुन्हा बंद पडलं. ती आठला कामावरून येऊन बसली, आपल्याकडे साडेबारा. काहीच उघडेना.

सी-४०४: लॅपटॉप झोपला असेल. झाकण लावल्यावर आणि काही वेळाने 'स्लीप' होतो ते दोन्ही बंद केलंय का?

बी-३०२: केलंय. वायफायचे दिवेच बंद होते. आईने झोपताना राउटरचं बटण बंद केलं, रोजची सवय आहे तिची.

डी-२०३: आमच्याकडेही रोज बंद करतात. आजींना सांगा, नातीसाठी चालू ठेवायचंय.

बी-३०२: सांगितलं. तर म्हणाली, मग मलाही दाखवा. आता बसलीय टीव्हीसमोर. तिवंध्याच्या गर्दीत मुलगी माझ्या खांद्यावर, सहा वर्षांची, रंगाने डोळे मिटलेले. आणि मागून हिचा आवाज, "अहो, सांभाळा, तिचा हात धरा." आई तेवढंच परत परत लावायला सांगतेय.

सी-४०४: लावा काका. मी संध्याकाळी सहाला येते. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावू, म्हणजे लाइट गेली तरी नेट राहील. मुलीचं जेलीफिनमध्ये वेगळं खातं करू, त्याला फाइल पुसायचा अधिकार द्यायचा नाही. आणि लॅपटॉपची बॅटरी बघायचीय, कायम चार्जिंगला राहिली की फुगू शकते. तळ उचललेला दिसला तर तोवर बंद ठेवा.

बी-३०२: तळ सपाट आहे, आत्ताच बघितला. दुसरी कॅसेट हँडब्रेकला लावलीय, ४० टक्के झाली. त्यावर चिठ्ठी नाही, काय निघतं बघू. ये संध्याकाळी, चहा टाकतो.