नेपोलियन आला की आणला गेला?

खडूफळा:
परवा घरी जेवताना वाद झाला. मेव्हणे म्हणाले, "क्रांती झाली की गोंधळ माजतो, मग कोणीतरी खमक्या येतो आणि घडी बसवतो. फ्रान्सचंच बघा." मी म्हटलं, येतो कसला, आणतात! आणि आणणारे राजाचे लोक नसतात, क्रांतीतलेच दमलेले पुढारी असतात. सियेस १७८९ मध्ये सामान्यांची बाजू मांडून गाजला. दहा वर्षांनी तोच आपल्या सत्तापालटाच्या बेतासाठी 'तलवार', म्हणजे एखादा सेनापती, शोधत होता. त्याने आधी हेरला होता जनरल जूबेर. तो ऑगस्ट १७९९ मध्ये नोवीच्या लढाईत पडला. ऑक्टोबरात नेपोलियन इजिप्तमध्ये सैन्य तसंच टाकून परतला, आणि सियेसचं काम झालं. जूबेर वाचला असता तर आज आपण त्याच्यावर भांडत बसलो असतो.

अडकित्ता:
अजिबात पटलं नाही. पुढाऱ्यांच्या खलबतांवर इतिहास चालत नाही, पोटावर चालतो. कागदी चलनाची रद्दी झालेली. १७९७ मध्ये सरकारने आपल्या कर्जाचा दोन-तृतीयांश भाग सरळ बुडवला, म्हणजे ज्यांनी रोखे घेतले ते गेले बाराच्या भावात. अशा वेळी लोक तत्त्वं चघळत बसत नाहीत. आणि नेपोलियनने काम केलं हो! १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स, १८०१ मध्ये पोपशी करार, १८०४ मध्ये नागरी संहिता. १८०० च्या, नव्या राज्यघटनेवरच्या सार्वमतात तीस लाख होकार आणि जेमतेम दीड हजार नकार. आणखी काय पाहिजे?

तिरफळ:
अडकित्ता, ते तीस लाख मोजले कोणी? गृहमंत्री ल्यूसियनने. म्हणजे नेपोलियनच्या सख्ख्या भावाने! नंतर अभ्यासकांनी कागद तपासले तेव्हा खरे होकार पंधरा लाखांच्या आसपास निघाले. त्याच वर्षी पॅरिसमधली राजकीय वर्तमानपत्रं ७३ वरून १३ वर आणली. १७९४ मध्ये क्रांतीने रद्द केलेली वसाहतींतली गुलामगिरी १८०२ मध्ये पुन्हा कायदेशीर केली. आणि तुमच्या त्या लाडक्या संहितेत बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं स्पष्ट कलम होतं. घडी बसली खरी, पण कोणाच्या पाठीवर?

अडकित्ता:
गुलामगिरीचं मान्य, तिथे बचाव नाही. पण लोकशाही त्याने मोडली असं म्हणू नका, ती आधीच मोडलेली होती. १७९७ आणि १७९८, दोन्ही वर्षी निकाल गैरसोयीचे लागले म्हणून सरकारनेच निवडून आलेल्यांना घरी पाठवलं.

खडूफळा:
अहो, मग मी वेगळं काय म्हणतोय? दार आतूनच उघडलं होतं. आणि तुमचा खमक्या सत्ता घेतली त्या दिवशी किती खमका होता तेही ऐका. १० नोव्हेंबर १७९९. जॅकोबिनांच्या, म्हणजे जहाल क्रांतिकारकांच्या, कटाची आवई उठवून संसदेची दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सँ-क्लूला हलवलेली. त्यातलं एक सभागृह, पाचशेंची सभा, संत्र्याची झाडं ठेवायच्या दालनात भरली होती. नेपोलियन आत शिरला तसे सभासद अंगावर धावून आले, "याला कायद्याबाहेर घोषित करा" म्हणून ओरडू लागले. त्याची बोबडी वळली, सैनिकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. सावरलं ते ल्यूसियनने. तो त्याच सभेचा अध्यक्ष! बाहेर येऊन त्याने शिपायांना सांगितलं की आत काही खंजीरवाले सभेला वेठीस धरून बसलेत. मग नेपोलियनचा सेनापती म्यूरा संगिनीवाले शिपाई घेऊन आत गेला आणि सभासद लाल झगे सावरत खिडक्यांतून बागेत पळाले. रात्री त्यातले जे सापडले त्यांना गोळा करून मेणबत्तीच्या उजेडात तीन कॉन्सुल, म्हणजे नवे राज्यकर्ते, नेमायचा ठराव पास करून घेतला. संगिनी हातात असताना ठराव कशाला लागतो, सांगा बघू?

अडकित्ता:
कारण दहा वर्षांत लोकांना ठरावाची सवय लागली होती. सोळाव्या लुईच्या आजोबाला असली रात्रपाळी करावी लागली नसती. हा मुद्दा तुमच्या खात्यात टाका की माझ्या, मेव्हण्यांना विचारून कळवा.