मदत हवी आहे: अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये डेन्व्हर ते ग्लेनवूड स्प्रिंग्ज, थंडीत, इलेक्ट्रिक पिकअपने. किती युनिट धरू?

रॉकीकर:
फोर्डची २०२३ ची इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग, मोठ्या बॅटरीची, घ्यायचं जवळपास ठरलं आहे. बॅटरी वापरायला १३१ युनिट, ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) लेबलवरचा पल्ला ३२० मैल. भागाकार केला तर युनिटला २.४४ मैल. पण त्याच लेबलवर १०० मैलांना ४८ युनिट लिहिलंय, म्हणजे २.०८. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे ते हायवेला १.७ सांगतात. यातला कुठला धरायचा?

जानेवारीत डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने ग्लेनवूडला जायचंय, साधारण १६० मैल. टायर ऑल-टेरेन, म्हणजे खडबडीत रस्त्यांचे आहेत. वाटेत चार्ज न करता पोचेन का? उन्हाळ्यात मागे कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, लावायचाही विचार आहे.

मोजपट्टी:
तिन्ही आकडे बरोबर आहेत, मोजण्याची जागा वेगळी आहे. २.४४ हा बॅटरीतून निघालेल्या विजेचा. २.०८ हा भिंतीतून घेतलेल्या विजेचा, त्यात चार्जिंगची गळती धरलेली असते. वीजबिलाचा अंदाज बांधायला तो वापरा, प्रवासाला नको. गाडीच्या पडद्यावर दिसतो तो बॅटरीचा.

१.७ चं कारण वेग. ईपीएच्या हायवे चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल ६०. आलेला आकडा पुढे साधारण ०.७ ने गुणून कमी करतात, तरी ७५ ने जाणाऱ्या उंच, चौकोनी पिकअपला तेवढी सूट पुरत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. स्वतः करून बघा: वजन ३,२०० किलो, टायरचा रोध वजनाच्या एक टक्का, हवेला अडणारं प्रभावी क्षेत्रफळ १.३ चौ.मी., मोटर ते चाक कार्यक्षमता ८८ टक्के. ताशी ६५ मैलांना युनिटला २.० मैल येतात, ७५ ला १.६५. दहा मैलांच्या वेगापायी पल्ला सहाव्या हिश्शाने घटतो. ६५ ला चाकांवरच्या खर्चातला दोन तृतीयांश एकट्या हवेचा असतो. सपाट रस्त्यावर लोक वजनाला उगाच दोष देतात. वजन खरं महाग पडतं ते घाटात.

आणखी एक, २०२३ पर्यंतच्या लाइटनिंगमध्ये हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत तापवणारं यंत्र) नाही. तो २०२४ च्या मॉडेलपासून आला. त्याआधीच्या गाडीत केबिन विजेच्या शेगडीसारखी तापते. सुरुवातीला ५-६ किलोवॉट, मग ३-४. गावातल्या तीन-तीन मैलांच्या फेऱ्यांत म्हणूनच आकडा सगळ्यात वाईट दिसतो: गाडी तापेपर्यंत घर येतं.

घाटवाट:
तुमच्या रस्त्याचा हिशोब मांडतो. डेन्व्हर १,६०९ मीटरवर, वाटेतला आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० वर. माणसं-सामानासह ३,३०० किलो वर चढवायला १६ युनिट, मोटरची गळती धरून १८.

बोगद्यापर्यंत ६० मैल: मूळ खर्च (युनिटला २ मैल धरून) ३०, चढ १८, हीटर ४, ऑल-टेरेन टायरचे १० टक्के म्हणजे ३. एकूण ५५. इथे पडदा युनिटला १.१ मैल दाखवेल, शिल्लक ७६ युनिट आणि पुढे १०० मैल. साधा गुणाकार केलात तर ८३ मैलच येतात आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. पुढे व्हेल पासचा चढ आहे, तरी ग्लेनवूड १,७५६ मीटरवर असल्याने एकंदर उतारच आहे. तो टप्पा ५० + हीटर ६ + टायर ५, वजा उतारावर परत मिळणारे साधारण १२, म्हणजे ४९. पोचताना २७ युनिट, २० टक्के शिल्लक.

हे कोरड्या रस्त्यावर आणि ६५ च्या आत. ताजा बर्फ किंवा समोरून वारा असेल तर ही शिल्लक सहज संपते. बोगद्यावर ५० टक्क्यांच्या खाली असाल तर बोगद्यापलीकडच्या सिल्व्हरथॉर्न-फ्रिस्को भागात थांबून घ्याच, कुठला चार्जर चालू आहे ते निघण्याआधी अ‍ॅपवर बघून. उंचीवर हवा विरळ असते, त्याचा फायदा होतो. पण जानेवारीची थंड हवा दाट असते, तो फायदा ती थोडासा कमी करते. मी दोन्ही सोडून दिलेत.

निघण्याआधी:
- प्लग लावलेला असतानाच निघण्याची वेळ गाडीत टाकून ठेवा, म्हणजे केबिन आणि बॅटरी घरच्या विजेवर तापतात. गार बॅटरी उताराची वीज नीट परत घेत नाही.
- टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की सुमारे १ पीएसआय कमी होतो.
- सीट आणि स्टिअरिंगचे हीटर लावा, केबिन ६६-६७ अंश फॅरनहाइटवर ठेवा.
- ट्रिप मीटर शून्य करा. उरलेल्या मैलांचा अंदाज मागच्या चालवण्यावरून बांधलेला असतो, त्यापेक्षा टक्के आणि युनिट बघा.

ब्रेकनरिजसारख्या उंच गावी मुक्काम असेल तर उतरण्याआधी १०० टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

मोजपट्टी:
कॅम्परचं: ६५ ला युनिटला १ मैल धरा, म्हणजे पल्ला निम्मा. इथे ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याचं तोंड किती उंच-रुंद आहे ते महत्त्वाचं. दोन टनांचा उंच डबा आणि दोन टनांची सपाट ट्रॉली, सपाट रस्त्यावर दोघांत खूप फरक पडतो. घाटात मात्र दोन टन बोगद्यापर्यंत चढवायला आणखी ११ युनिट. म्हणजे ६० + चढाचे २९ + टायरचे ३, उन्हाळा म्हणून हीटर नाही. ९२ गेले, बोगद्यावर ३९ उरले. एक थांबा नक्की, वारा असेल तर दोन.

गाडीत ट्रेलर प्रोफाइल, म्हणजे ट्रेलरची माहिती, भरा, नाहीतर अंदाज रिकाम्या गाडीचा दाखवेल. फास्ट चार्जरवर १५ ते ८० टक्के भरायला फोर्डच्या म्हणण्याप्रमाणे ४१ मिनिटं. ८० च्या पुढे वेग फार मंदावतो. बऱ्याच ठिकाणी ट्रेलर सोडवल्याशिवाय गाडी चार्जरला लागत नाही, ती १५-२० मिनिटं वेगळी धरा.

रॉकीकर:
खूप आभार. टायर बदलून साधे रोड टायर घातले तर ते ८ युनिट वाचतील ना?

घाटवाट:
हो, जवळपास सगळे. पण आय-७० वर डॉट्सेरो ते मॉरिसन हिवाळ्यात टायरचा नियम आहे: फोर-व्हील ड्राइव्हलाही पुरेशा खाचांचे योग्य टायर हवेत किंवा सोबत चेन. ऑल-सीझन टायरवर पर्वत-हिमकणाची खूण (बर्फात चालण्याच्या चाचणीत उतरल्याची) बघून घ्या. ती नसेल तर जानेवारीत ऑल-टेरेनच राहू द्या आणि ८ युनिट सोडा.