बिटकॉइनचे नोड किती आणि कुठल्या देशात? सोलापुरातून मोजायचंय

जुळेसोलापूर_23
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बिटकॉइनच्या पीअर-टू-पीअर नेटवर्कचा (एकमेकांना थेट जोडलेल्या संगणकांचा, म्हणजे नोडचा) आकार आणि देशवार विभागणी काढायची आहे. क्रॉलर (नोड शोधत फिरणारा प्रोग्रॅम) पायथनमध्ये आहे: डीएनएस सीडकडून (सुरुवातीचे पत्ते देणारे सर्व्हर) पत्ते घ्यायचे, 8333 पोर्टवर जोडायचं, 'गेटअ‍ॅडर' (पत्ते मागणारा संदेश) पाठवायचं, नवे पत्ते रांगेत टाकायचे. पत्ते ढिगाने जमतात, पण जोडणी थोड्यांशीच होते. दहा सेकंद थांबलं तरी बरेच नोड यादी देत नाहीत. शिवाय राउटरमागचे नोड बाहेरून दिसतच नाहीत, त्यांचा अंदाज कसा धरायचा? घरच्या फायबरवर हे काम निभेल का?

सातरस्ता
फिरत असलेला पत्ता म्हणजे चालू नोड नव्हे. बिटकॉइन कोअर (बहुतेक नोडवर चालणारं सॉफ्टवेअर) जवळपास 30 दिवसांपर्यंतचे जुने पत्तेही पुढे देतो, त्यामुळे यादीत बंद पडलेलेच जास्त सापडतात. 'व्हर्जन' आणि 'व्हेरॅक' (जोडणीच्या सुरुवातीचे ओळख आणि पोच संदेश) दोन्ही पूर्ण झाले तरच नोड धरा.

दहा सेकंद फारच कमी. कोअर पत्त्यांचे संदेश सरासरी 30 सेकंदांच्या अनियमित अंतराने सोडतो. किमान दोन मिनिटं थांबा. एकाच पत्त्याचा संदेश आला की काम झालं समजू नका, तो बहुधा त्या नोडचा स्वतःचा पत्ता असतो. खऱ्या उत्तरात जास्तीत जास्त 1000 पत्ते येतात, तेही त्याच्या साठ्याच्या 23 टक्क्यांपर्यंतच. एका जोडणीत उत्तर एकदाच मिळतं आणि ते साधारण दिवसभर साठवून सगळ्यांना तेच दिलं जातं. म्हणून तासाभरात पुन्हा पुन्हा विचारून उपयोग नाही, क्रॉल काही दिवस चालवा.

'सेंडअ‍ॅडरव्ही2' हा संदेश (नव्या प्रकारचे पत्ते चालतात असं सांगणारा) 'व्हेरॅक'च्या आधीच जायला हवा. तो राहिला तर टॉर व्ही3 आणि आय2पीचे (ओळख लपवणारी नेटवर्कं) पत्ते मिळणारच नाहीत, कारण जुन्या संदेशात पत्त्याला 16 बाइटच जागा आहे आणि टॉर व्ही3ला 32 लागतात.

घरून करायचंच तर एका वेळी दोन-तीनशे जोडण्यांवर जाऊ नका. राउटरचा नॅट तक्ता (चालू जोडण्यांची नोंद) भरला की घरातल्या सगळ्यांचं नेट अडतं. भाड्याचा सर्व्हर बरा. तिथे उघड्या फाइलींची 1024 ची मर्यादा आधी वाढवून घ्या.

होटगीरोड
न दिसणाऱ्या नोडबद्दल. पकडा-सोडा-पुन्हा पकडा हे सूत्र (दोन मोजण्यांत पुन्हा किती सापडले त्यावरून एकूण अंदाज) बरेच जण सुचवतील, पण इथे ते फसवं आहे. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला की आयपी बदलतो. तोच नोड नवा वाटतो आणि आकडा फुगतो.

त्यापेक्षा येणाऱ्या जोडण्या मोजा. कोअरचा नोड स्वतःहून साधारण 10 कायम जोडण्या करतो: 8 पूर्ण आणि 2 फक्त ब्लॉकसाठी (व्यवहारांच्या गठ्ठ्यांसाठी). या सगळ्या दिसणाऱ्या नोडकडेच जातात. उदाहरणादाखल, दिसणारे 8000 धरा आणि प्रत्येकाकडे सरासरी 50 जोडण्या येतात असं माना. एकूण 4 लाख, भागिले 10, म्हणजे 40 हजार नोड. त्यातून 8000 वजा केले की न दिसणारे 32 हजार.

सरासरी काढण्यासाठी वेगवेगळ्या /16 गटांत (आयपीचे पहिले दोन आकडे सारखे असलेले पत्ते) स्वतःचे चार-पाच ऐकणारे (बाहेरून जोडणी स्वीकारणारे) नोड ठेवा. एका गटावर विसंबू नका: कोअर एका गटात एकच बाहेरची जोडणी ठेवतो, त्यामुळे गर्दीच्या होस्टिंगमधल्या नोडकडे कमी जण येतात. पत्ता पसरायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही आठवडे मोजणीतून वगळा. 'गेटपीअरइन्फो'मध्ये (जोडलेल्या नोडची यादी देणारी आज्ञा) मिनिटभरात सुटणाऱ्या जोडण्या बहुधा क्रॉलरच्या किंवा क्षणभराच्या चाचणीच्या असतात, त्याही काढा. टॉरवरून येणारे सगळे बहुधा 127.0.0.1 (स्वतःच्याच मशीनचा पत्ता) असेच दिसतात, त्यांची वेगळी ओळ ठेवा.

जुळेसोलापूर_23
दादा, खूप आभार. देशवार विभागणी मॅक्समाइंडच्या (आयपीवरून ठिकाण सांगणारी कंपनी) मोफत डेटाबेसवरून केली तर चालेल का?

सातरस्ता
देशापर्यंत चालेल, शहरापर्यंत नको. सोलापूरच्या जोडणीचा आयपी मुंबई किंवा पुण्यात दाखवला जाणं नेहमीचंच. होस्टिंगच्या पत्त्यांवर तर देशाचीही खात्री करावी लागते: हेत्झनर जर्मन कंपनी, पण तिचे सर्व्हर हेलसिंकीतही आहेत. त्यामुळे देशाशेजारी एएसएनचा (पत्ता ज्या कंपनीच्या नेटवर्कमधला आहे त्याचा क्रमांक) रकाना द्याच. भाड्याचा सर्व्हर कुठे आहे एवढंच कळतं, चालवणारा माणूस सोलापूरचाही असू शकतो. टॉर आणि आय2पीला देश नाही. त्यांना 'अज्ञात' या ओळीत पूर्ण संख्येने दाखवा, इतर देशांत वाटून टाकू नका. एकच नोड आयपीव्ही4, आयपीव्ही6 आणि ओनियन (टॉरवरचा पत्ता) अशा तीन पत्त्यांवर असू शकतो, म्हणून तक्त्याच्या मथळ्यात 'नोड' नको, 'पत्ते' लिहा.

होटगीरोड
एक तपासणी जोडतो. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर 100 किलोमीटरला 1 मिलिसेकंद. फ्रँकफर्ट इथून साडेसहा हजार किलोमीटरच्या पुढे, तेव्हा तिथल्या नोडशी टीसीपी जोडणी 65 मिलिसेकंदांच्या आत होणं शक्यच नाही. 20 मध्ये झाली तर डेटाबेसची नोंद खोटी. उलटं मात्र धरू नका, वेळ जास्त लागला म्हणून अंतर जास्त असं होत नाही. भाड्याच्या सर्व्हरवरून मोजलंत तर अंतर त्या सर्व्हरच्या गावापासून धरा. आणि अहवालात एकेकाचे आयपी छापू नका, देश आणि एएसएनची बेरीज पुरे.